केवलादेवची पाणथळ आणि तणांचा बंदोबस्त

पेरलेल्या पिकाखेरीज शेतात जे जे उगवते ते तण, अशी शेतकऱ्याची साधी व्याख्या आहे. नैसर्गिक क्षेत्रात ही व्याख्या पुरी पडत नाही. तेथे कोणी काही पेरलेले नसते आणि एकाच जातीचे पीक घेणे हा तेथील हेतूही नसतो. मग तेथे तण कशाला म्हणावयाचे? एखादी वनस्पती इतकी फोफावते की तिच्यामुळे इतर वनस्पतींना, माशांना, कीटकांना आणि पक्ष्यांना जागा उरत नाही, तेव्हा ती त्या क्षेत्रापुरती तण ठरते. ती परदेशातून आलेली असेल किंवा त्याच मातीत पूर्वीपासून वाढत असेल. ती आली कोठून यापेक्षा ती वागते कशी हे अधिक महत्त्वाचे होय.

अशा तणाचा बंदोबस्त करणे वरकरणी सोपे वाटते. ते उपटावे, कापावे, जाळावे आणि मोकळे व्हावे. परंतु पाणथळ क्षेत्रांचा अनुभव निराळा आहे. तेथे तण हे बहुधा रोगाचे लक्षण असते, रोग नव्हे. पाणी, चरणारी जनावरे आणि माणसाचे हात यांच्यात दीर्घकाळ टिकून असलेला मेळ कोठेतरी बिघडतो आणि त्या फटीतून तण आत शिरते. ही गोष्ट राजस्थानातील भरतपूरजवळच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात जितकी स्पष्ट दिसते, तितकी भारतात इतरत्र क्वचितच दिसत असेल. तेथे हा धडा शिकण्यासाठी मोठी किंमत मोजावी लागली.

माणसाने घडविलेली पाणथळ

केवलादेव उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. त्यापैकी साधारण एक-तृतीयांश भाग पाणथळ असून उरलेल्या भागात गवताळ माळ, काटेरी झुडपे आणि कळंब, जांभूळ, बाभूळ यांसारख्या वृक्षांचे वन आहे. उद्यानातील महादेवाच्या मंदिरावरून त्याला केवलादेव हे नाव मिळाले, आणि दाट झाडीमुळे लोक या परिसराला ‘घना’ म्हणत आले आहेत. येथे ३५० हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. पावसाळ्यात बाभळींवर चित्रबलाक, बगळे, पाणकावळे व चमचे यांची दाट वसाहत होते, तर हिवाळ्यात उत्तरेकडून बदके, हंस आणि चिखलपायटे पक्षी येतात.

हे सर्व पाहणाऱ्याला ही भूमी अनादी काळापासून अशीच असावी असे वाटते. वस्तुतः ती माणसाने घडविलेली आहे. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या संगमाजवळच्या या खोलगट प्रदेशात पावसाचे पाणी साचत असे. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध घालण्यात आला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भरतपूरच्या राजांनी बदकांच्या शिकारीसाठी या खोलगट भागात लहान बांध, कालवे आणि पाणी अडविण्याचे दरवाजे बांधले. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारी पथकाने येथे ४,२७३ पक्षी मारले, अशी नोंद आहे. स्वातंत्र्यानंतर हे क्षेत्र पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यात आले. १९८१ मध्ये रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत त्याचा समावेश झाला, आणि १९८५ मध्ये त्याला जागतिक वारसा स्थानाचा दर्जा मिळाला.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, माणसाने घडविलेली पाणथळ माणसाने हात काढून घेतल्यावर आपोआप टिकत नाही. बांध फुटतात, कालवे गाळाने भरतात, दरवाजे गंजतात. आणि यांपैकी काहीही घडले की त्याचे पहिले चिन्ह म्हणून तण दिसू लागते.

पाणी हाच पहिला निंदणारा

पाणथळीतील तणांचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात. पहिला वर्ग पाण्यात वाढणाऱ्यांचा. जलपर्णी, पाण्यावर पसरणारी गवते आणि शेवाळ ही त्याची उदाहरणे होत. दुसरा वर्ग कोरड्या जमिनीवरून पाणथळीत घुसणाऱ्या झुडपांचा व वृक्षांचा. या दोन्ही वर्गांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत आणि बंदोबस्ताची खरी किल्ली याच विरोधात दडलेली आहे.

केवलादेवमध्ये जुलै-ऑगस्टच्या सुमारास पाणी सोडले जाते. पावसाळ्याच्या अखेरीस उथळ तळी काठोकाठ भरतात. हिवाळाभर पाणी हळूहळू ओसरत जाते आणि मे-जूनमध्ये बहुतेक तळ उघडा पडून भेगाळतो. पाण्याने भरण्याच्या काळात जमिनीवरील झुडपांची कोवळी रोपे बुडून कुजतात. कोरडे पडण्याच्या काळात तरंगणाऱ्या जलपर्णीसारख्या वनस्पती उन्हाने वाळून मरतात. अशा रीतीने वर्षातून दोनदा, एकदा पाण्याने आणि एकदा उन्हाने, निसर्गच त्या भूमीची निंदणी करीत असतो. त्यासाठी कोणाला मजुरी द्यावी लागत नाही.

हे चक्र बिघडले की काय होते याची कल्पना सहज करता येईल. पाणी बारमाही साचून राहिले तर जलपर्णीचे फावते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती अनुकूल स्थितीत दोन आठवड्यांच्या आत दुपटीने पसरू शकते, आणि तिचे बी चिखलात कित्येक वर्षे जिवंत राहते. उलट पाणी आलेच नाही, तर काटेरी झुडपे तळाच्या मोकळ्या मातीत पाय रोवतात. म्हणून पाणथळीच्या व्यवस्थापनात पाणी किती आहे एवढाच प्रश्न नसतो. ते केव्हा येते आणि केव्हा ओसरते, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न असतो.

म्हशी गेल्या आणि गवत वाढले

पाण्यानंतरचा दुसरा निंदणारा म्हणजे चरणारे जनावर. केवलादेवच्या भोवताली अनेक गावे आहेत. त्यांची दोन हजारांहून अधिक गुरे व म्हशी पिढ्यान्पिढ्या या क्षेत्रात चरत असत. गावकरी येथूनच वैरण कापीत, सरपण गोळा करीत आणि वाळ्याची सुगंधी मुळे खणून नेत. पक्षिप्रेमींना व वनाधिकाऱ्यांना ही चराई डोळ्यांत खुपत असे. इतकी गुरे गवत तुडवितात, रोपे खातात, पक्ष्यांना त्रास देतात, तेव्हा ती बाहेर काढल्यास वन आणि पाणथळ दोन्ही सुधारतील, असा सर्वसाधारण समज होता. त्या काळी जगभर राष्ट्रीय उद्यानांविषयी हीच कल्पना रूढ होती. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही राष्ट्रीय उद्यानात पाळीव गुरांच्या चराईला मनाई आहे.

१९८२ मध्ये केवलादेवला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यानंतर चराई बंद करण्यात आली. हा निर्णय गावकऱ्यांना विश्वासात घेऊन झालेला नव्हता आणि गुरांसाठी दुसरी सोयही करण्यात आलेली नव्हती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये गावकरी आणि पोलीस यांच्यात चकमक झाली व तीत काही ग्रामस्थांना प्राण गमवावे लागले. बंदी मात्र कायम राहिली.

त्यानंतर जे घडले ते कोणाच्याच अपेक्षेप्रमाणे नव्हते. १९८० पासून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली या क्षेत्राचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला होता. चराईबंदीच्या आधीचा आणि नंतरचा असा दोन्ही काळ त्यामुळे शास्त्रज्ञांच्या नजरेखाली आला. १९९१ मध्ये डॉ. वि. एस. विजयन यांनी सादर केलेल्या अहवालातील निष्कर्ष धक्कादायक होता. म्हशी बाहेर गेल्यापासून उथळ पाण्यात पास्पालम डिस्टिकम नावाचे गवत बेसुमार वाढले होते, आणि त्यामुळे अनेक पाणपक्ष्यांच्या दृष्टीने हे क्षेत्र सुधारण्याऐवजी बिघडले होते.

या गवताची रचना लक्षात घेतली म्हणजे याचे कारण उमगते. त्याचे आडवे खोड चिखलावर सरपटत जाते व प्रत्येक पेरापाशी नवी मुळे फोडते. ते ओलसर जमिनीवर वाढते, तसेच उथळ पाण्यातही वाढते. काही हंगामांत त्याची अशी दाट चटई तयार होते की पाण्याचा मोकळा पृष्ठभाग उरत नाही. बुडी मारणाऱ्या बदकांना आणि मासे टिपणाऱ्या पक्ष्यांना मोकळे पाणी लागते. ते नाहीसे झाले की त्यांचे अन्नही नाहीसे होते. वर्षाच्या अखेरीस हे गवत कुजते, तेव्हा पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि तळाशी गाळाचा एकेक थर साचत जातो. तळी उथळ होतात, उथळ तळ्यात गवत अधिक वाढते आणि चक्र पुढे चालू राहते.

म्हैस हे गवत आवडीने खाते आणि त्यासाठी ती पोटापर्यंत पाण्यात उतरते. तिच्या खुरांखाली आडवी खोडे तुटतात व चिखलात दडपली जातात. तिच्या वावराने गवतात मोकळ्या वाटा व डबकी तयार होतात आणि पक्षी त्यांचा लाभ घेतात. तिचे शेण पाण्यातील सूक्ष्म जीवांचे अन्न बनते. रोज सकाळी हजारभर म्हशी पाण्यात शिरत होत्या तोपर्यंत हे काम कोणाच्या लक्षातही आले नव्हते. ते थांबले तेव्हाच त्याचे मोल कळले.

अर्थात याचा अर्थ असा नव्हे की गुरे कितीही सोडावीत आणि कोठेही सोडावीत. कोरड्या माळावर अति चराई झाली की गवत नष्ट होते व काटेरी झुडपे माजतात, हे सर्वश्रुत आहे. त्या अहवालाचा बोध इतकाच की, या विशिष्ट पाणथळीत माफक चराई हा परिसराच्या रचनेचाच एक भाग झाला होता, आणि तो भाग काढून टाकण्यापूर्वी त्याच्या जागी दुसरे काय येणार याचा विचार व्हावयास हवा होता.

पुढे गावकऱ्यांना परवाने देऊन विळ्याने गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली. त्यामुळे वैरणीची अडचण काही अंशी दूर झाली आणि गवताची वाढही काही प्रमाणात रोखली गेली. परंतु कापणी ही चराईची पूर्ण बरोबरी करू शकत नाही. माणूस ठराविक हंगामात येतो, तर जनावर रोज येत असे. माणूस सोयीच्या जागी उंच व कोवळे गवत कापतो. खोल चिखलात शिरून, पेरापेराने रुजलेले खोड उखडण्याचे कष्ट तो वैरणीसाठी घेत नाही.

वेडी बाभूळ

केवलादेवमधील दुसरे मोठे संकट जमिनीवरून आले. प्रोसोपिस जुलिफ्लोरा हा काटेरी वृक्ष मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटांचा. महाराष्ट्रात त्याला वेडी बाभूळ, राजस्थानात विलायती बबूल आणि गुजरातेत गांडो बावळ म्हणतात. गुजराती नावाचाही अर्थ वेडी बाभूळ असाच आहे. दोन प्रांतांतील लोकांनी तिच्यासाठी एकच विशेषण निवडावे, यात तिच्या स्वभावाचे पुरेसे वर्णन आले.

ही वनस्पती भारतात चोरपावलांनी आलेली नाही. ती मुद्दाम आणण्यात आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमैकातून तिचे बी मागविण्यात आले. ओसाड जमिनीवर हिरवळ यावी, वाळू स्थिर व्हावी आणि गरिबांना सरपण मिळावे हा त्यामागचा हेतू होता. जोधपूर संस्थानाने तर १९४० मध्ये तिला शाही वृक्षाचा मान देऊन तिच्या रक्षणाचा हुकूम काढला होता. सरपणाच्या बाबतीत तिने दिलेले वचन पाळलेही. तिचे लाकूड उत्तम जळते, त्याचा कोळसा चांगला होतो, आणि राजस्थान, गुजरात व तामिळनाडूतील कोरडवाहू भागात असंख्य घरांच्या चुली तिच्यावर पेटत आल्या आहेत.

परंतु जे गुण ओसाड जमिनीत उपयोगी पडतात, तेच संरक्षित क्षेत्रात घातक ठरतात. तिची मुळे फार खोल जातात, त्यामुळे दुष्काळात इतर झाडे वाळत असता ती हिरवी राहते. तिच्या गोड शेंगा गुरे, नीलगाई व रानडुकरे आवडीने खातात. बी मात्र पचत नाही. पोटातून जाताना त्याचे कठीण कवच मऊ होते आणि ते शेणाच्या खतासकट दूरवर पेरले जाते. खोड तोडले तर बुंध्यापासून अनेक धुमारे फुटतात. एका खोडाच्या जागी काटेरी जाळी तयार होते व तिच्याखाली गवत उगवत नाही.

भरतपुरात तिला संधी मिळाली ती पाण्याच्या तुटवड्यामुळे. गंभीर नदीच्या वरच्या अंगाला करौली जिल्ह्यात पाचना धरण बांधण्यात आले. दुष्काळाच्या वर्षांत त्या धरणाचे पाणी कोणाला द्यावयाचे, शेतीला की उद्यानाला, असा वाद २००३-०४ च्या सुमारास तीव्र झाला. वरच्या भागातील शेतकऱ्यांची गरजही खरी होती. उद्यानाला वर्षाकाठी सुमारे ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागते. त्यानंतरच्या काही वर्षांत त्याचा अल्पसा अंशही त्याला मिळेना. तळी कोरडी राहिली, पक्ष्यांच्या वसाहती उठल्या, आणि जेथे पूर्वी कमळे व लव्हाळे असत त्या तळावर वेड्या बाभळीची रोपे डोलू लागली. कोवळ्या रोपांना बुडविणारे पाणी आले नाही, म्हणून निंदणीही झाली नाही. दोन-तीन वर्षांत त्या रोपांची झुडपे झाली आणि मग केवळ पाणी सोडून ती जाण्यासारखी राहिली नाहीत.

झाड उपटण्याची रीत

२००७ च्या सुमारास वेडी बाभूळ काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले. ते भोवतालच्या गावांतील लोकांच्या सहभागाने करण्यात आले, ही त्यातील लक्षणीय गोष्ट होय. गावोगावच्या पारिस्थितिक विकास समित्यांमार्फत कुटुंबांना उद्यानात काम देण्यात आले. झाड मुळासकट खणून काढावयाचे आणि त्याचे लाकूड घरी न्यावयाचे, अशी ही व्यवस्था होती. चराईबंदीच्या वेळी ज्या गावांना भिंतीबाहेर ठेवण्यात आले होते, त्याच गावांचे लोक पंचवीस वर्षांनी कुदळी व पहारी घेऊन त्या भूमीच्या दुरुस्तीसाठी आत आले.

या कामात ‘मुळासकट’ या शब्दाला फार महत्त्व आहे. वेड्या बाभळीचे धुमारे खोड आणि मूळ यांच्या सांध्यातील सुप्त डोळ्यांपासून फुटतात. म्हणून जमिनीलगत कुऱ्हाड चालवून काहीच साधत नाही, उलट झाड अधिक दाट होते. बुंध्याभोवतीची माती वीतभराहून अधिक खोल खणून, हा सांधा पूर्ण उघडा करून, त्याच्याखाली मूळ तोडावे लागते. हे काम कष्टाचे असते. पाण्याजवळ तणनाशके वापरणे धोक्याचे असल्यामुळे दुसरा सोपा मार्ग नसतो.

झाडे कोणत्या क्रमाने काढावयाची यालाही महत्त्व असते. सर्वांत दाट रानापासून आरंभ करण्याचा मोह होतो, कारण तेथे काम डोळ्यांत भरते. परंतु तणाचा प्रसार रोखावयाचा असेल तर विरळ लागण झालेल्या भागापासून सुरुवात करून दाट भागाकडे सरकणे शहाणपणाचे असते. थोडक्या श्रमांत मोठे क्षेत्र स्वच्छ राहते आणि नव्या बियांचे उगमस्थान हळूहळू आकुंचन पावते. शेंगा पिकण्यापूर्वी झाडे काढल्यास बी पसरत नाही. पक्ष्यांच्या विणीच्या काळात, म्हणजे पावसाळ्यात व त्यानंतरच्या काही महिन्यांत, वसाहतींजवळ असे काम करता येत नाही. शिवाय दाट जाळीच्या आश्रयाला अजगर, कोल्हे व इतर प्राणी राहत असतात. म्हणून सारे रान एकाच वेळी सपाट न करता टप्प्याटप्प्याने काढणे इष्ट ठरते.

झाड निघाल्यावर जी उघडी माती उरते, ती रिकामी राहत नाही. तेथे स्थानिक गवत, बोर, देशी बाभूळ, कळंब यांना वाव मिळाला नाही, तर त्याच तणाचे बी पुन्हा रुजते. देशी बाभळीचे येथे विशेष महत्त्व आहे. पाण्यातील मातीच्या उंचवट्यांवर उभ्या असलेल्या या झाडांवर बगळ्यांची व करकोच्यांची घरटी असतात. म्हणून एका बाभळीला घालविणे आणि दुसरीला जगविणे ही कामे एकत्रच करावी लागतात.

यशानंतरची अडचण

या योजनेत एक अंगभूत अडचण आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. वाढलेल्या झाडापासून गावकऱ्याला लाकूड मिळते, म्हणून तो ते खणण्याचे कष्ट घेतो. परंतु पहिल्या पावसानंतर त्याच जागी शेकडो रोपे उगवतात. मातीत पडून राहिलेले बी पुढेही अनेक वर्षे रुजत राहते. वीतभर उंचीचे रोप ओल्या मातीतून हाताने सहज उपटता येते. त्याच रोपाला तीन वर्षे दिली तर त्यासाठी पहार लागते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक काम हेच असते. पण या रोपाचे सरपण होत नाही. ते उपटणाऱ्याला काहीच प्राप्ती नसते.

दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, तण भरपूर असते तोवर ते काढण्यास माणसे मिळतात, आणि ते थोडे उरते तेव्हा, म्हणजे ऐन निर्णायक क्षणी, माणसे मिळेनाशी होतात. बहुतेक तणनिर्मूलन योजना या टप्प्यावर ढासळतात. पहिल्या वर्षाच्या कामाचे छायाचित्र घेतले जाते. चौथ्या व पाचव्या वर्षाच्या निंदणीसाठी मात्र तरतूद राहत नाही. म्हणून अशा क्षेत्रात पाठपुराव्याच्या निंदणीची मजुरी ही अखेरचा किरकोळ खर्च न समजता मूळ योजनेचाच भाग मानली पाहिजे. तसेच लाकूड संपल्यावर त्या घरांच्या चुली कशावर पेटतील, याचेही उत्तर आधीच शोधून ठेवले पाहिजे. नाही तर ज्या तणाला घालवावयाचे, तेच तण टिकून राहावे अशी इच्छा बाळगणारा एक वर्ग आपण निर्माण करतो.

चिलिकाचा दाखला

पाणी आणि तण यांचा संबंध केवलादेवपुरताच मर्यादित नाही, हे ओडिशातील चिलिका सरोवराच्या उदाहरणावरून दिसून येते. चिलिका हे समुद्राला जोडलेले मचूळ पाण्याचे विशाल सरोवर आहे. गाळामुळे त्याचे समुद्राकडील मुख अरुंद होत गेले, तेव्हा खारे पाणी आत येणे कमी झाले, सरोवर गोडे होऊ लागले आणि जलपर्णीसारखी गोड्या पाण्यातील तणे झपाट्याने पसरली. मासेमारी घटली. १९९३ मध्ये संकटग्रस्त पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय नोंदपुस्तकात, म्हणजे माँत्रे नोंदीत, चिलिकाचे नाव घालावे लागले.

तेथे केवळ तण उपसण्यावर भर देण्यात आला असता तर तो उपसा कधीच संपला नसता. चिलिका विकास प्राधिकरणाने मूळ कारणाकडे लक्ष दिले. २३ सप्टेंबर २००० रोजी वाळूचा पट्टा कापून समुद्राला जोडणारे नवे मुख उघडण्यात आले. भरतीबरोबर खारे पाणी आत येऊ लागले आणि ज्या तणांना खारेपणा सोसत नाही ती पुष्कळशा भागातून ओसरली. मासेमारी पुन्हा अनेक पटींनी वाढली. २००२ मध्ये चिलिकाचे नाव माँत्रे नोंदीतून वगळण्यात आले. केवलादेवचे नाव १९९० मध्ये त्याच नोंदीत घातले गेले होते. चिलिकात भरतीचे खारे पाणी निंदणीचे काम करते, केवलादेवमध्ये तेच काम पावसाळ्याचा पूर करतो.

भरतपूरच्या बाबतीतही पाण्याचे पर्यायी मार्ग शोधण्यात आले. गोवर्धन नाल्यातून यमुनेच्या पुराचे पाणी उद्यानाकडे वळविण्याची योजना २०१२ मध्ये पूर्ण करण्यात आली, आणि चंबळ नदीच्या पाण्याचा काही वाटाही उद्यानासाठी राखण्यात आला. पाणी आल्यावर पक्षी परतले. तथापि दुरून आणलेल्या पाण्याबरोबर दूरचे बी येते आणि वाहत्या पाण्याबरोबर जलपर्णीही येते. म्हणून कालव्याच्या तोंडाशी जाळी लावून तरंगते तण तेथेच उपसणे, हे नव्या व्यवस्थेतील एक साधे परंतु अत्यावश्यक काम ठरते. आत आलेल्या लाखो रोपांपेक्षा दाराशी अडविलेली शंभर रोपे केव्हाही स्वस्त पडतात.

जे परतले नाहीत

एके काळी केवलादेव हे भारतात हिवाळा काढणाऱ्या सायबेरियन क्रौंचांचे प्रसिद्ध आश्रयस्थान होते. हे शुभ्र पक्षी उथळ पाण्याच्या चिखलात चोच खुपसून लव्हाळ्याचे कंद खणून खात. २००१-०२ च्या हिवाळ्यात त्यांची शेवटची जोडी येथे दिसली. त्यानंतर ते आले नाहीत. त्यांच्या नाहीशा होण्याचा दोष एकट्या गवताला देता येणार नाही. हजारो किलोमीटरच्या प्रवासमार्गावरील शिकार आणि इतर पाणथळींचा नाश ही मोठी कारणे होती. परंतु कंदांवर गवताची जाड चटई पसरली की ते खणून काढणे पक्ष्याला कठीण होते, हेही तितकेच खरे. वाळ्याची मुळे खणणाऱ्या गावकऱ्यांमुळे पूर्वी माती भुसभुशीत राहत असे आणि त्याचा लाभ क्रौंचांना होत असे, असे भोवतालच्या गावांतील जुनी माणसे सांगत असत.

तणांचा बंदोबस्त ही एकदा करून संपणारी मोहीम नव्हे. शेतकरी दर वर्षी खुरपे हातात घेतो, त्यात त्याला पराभव वाटत नाही. शेती म्हणजे तेच. माणसाने घडविलेल्या व माणसानेच सावरलेल्या पाणथळीलाही हाच नियम लागू आहे. पावसाळ्यात तिच्यात पाणी भरले पाहिजे, उन्हाळ्यात तिचा तळ उघडा पडला पाहिजे, गवताची वाढ रोखणारे कोणीतरी, मग ते जनावर असो की माणूस, तेथे असले पाहिजे आणि पहिल्या पावसानंतर कोवळी रोपे उपटणारे हात तेथे आले पाहिजेत. हे हात भोवतालच्या गावांचेच असणार. केवलादेवच्या भिंतीआड त्यांना परके मानले गेले तेव्हा गवत माजले. त्यांना पुन्हा कामात सामावून घेतले तेव्हा बाभूळ हटली. जी भूमी टिकवावयाची तिच्याशी गावांचे नाते टिकविणे, हाही तणांच्या बंदोबस्ताचाच भाग होय.